एकाच फॉर्मात एकच माणूस दोन उलट उत्तरं का देतो?

आकडेमोड
सोलापूर शहराचा पूर्व भाग, दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट इथल्या घरोघरच्या सर्वेक्षणांचे फॉर्म तपासणाऱ्यांसाठी हा धागा. नमुना बघा.

प्र. ४ : तुम्ही काही काम करता का? — नाही, घरीच असते.
प्र. २७ : गेल्या आठवड्यात किती विड्या वळल्या? — ४,०००.
प्र. ९ : मुलं किती? — २. घरातल्या माणसांच्या तक्त्यात मात्र लेकरं ४.
प्र. १५ : पाणी पुरतं का? — हो.
प्र. ३१ : पाणीपुरवठ्याबद्दल समाधानी आहात का? — अजिबात नाही.

फॉर्म एक, बाई एक, वेळ पाऊण तास. असे फॉर्म "विसंगत" म्हणून सरळ बाजूला काढायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. आधी कारण कळू द्या, मग काढायचं की ठेवायचं ते ठरवू. जाणकारांनी लिहावं.

शेंगाचटणी
लोक खोटं बोलतात. धागा संपला. (हलकेच घ्या.)

पूर्वभागकर
वरच्या नमुन्यात एकही उत्तर खोटं नाही.

प्र. ४ : "काम" म्हणजे बाहेर जाऊन करायचं ते, कारखान्यात नाहीतर दुसऱ्याच्या घरी. पान भिजवायचं, कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, हे सगळं उंबऱ्याच्या आत होतं. त्यामुळे ते "घरीच असते" यात मोडतं. श्रमबलाच्या सरकारी पाहणीत चालू साप्ताहिक स्थिती ठरवताना गेल्या ७ दिवसांत एखाद्या दिवशी १ तास जरी काम केलं तरी माणूस कामात धरतात. ही व्याख्या फॉर्म छापणाऱ्याच्या डोक्यात असते, बाईच्या नसते. म्हणून "काम करता का" असं मोघम विचारून थांबायचं नाही. विड्या, शिवण, टॉवेलच्या कडा दुमडणं, पापड, दुसऱ्याच्या शेतात खुरपण, एकेक नाव घेऊन विचारायचं.

प्र. ९ : "मुलं" म्हणजे मुलगे. २ मुलगे, २ मुली. "लेकरं किती" विचारलं असतं तर ४ च आलं असतं. आणखी नीट विचारायचं तर चार तुकडे करा : घरात राहणारे मुलगे, घरात राहणाऱ्या मुली, बाहेर असलेले (नांदायला गेलेल्या मुली यातच), आणि जगली नाहीत ती. शेवटचं हळू आवाजात, सगळ्यांदेखत नाही. बेरीज तुम्ही करा, बाईला करायला लावू नका.

प्र. १५ आणि ३१ मध्ये तर विसंगतीच नाही. पाणी काही दिवसांआड येतं, आलं की हौद, पिंप, घागरी, भगुणी सगळं भरून ठेवतात, म्हणून पुरतं. रात्री उठून भरावं लागतं, म्हणून समाधान नाही.

शेंगाचटणी
"कुटुंब किती?" असं जुन्या माणसाला विचारून बघा. "एकच की ओ! दोन कशाला?"

आकडेमोड
हसू नका, हा खरोखर होणारा घोळ आहे. जुन्या बोलीत "आमचं कुटुंब" म्हणजे बायको.

पूर्वभागकर
म्हणून "कुटुंब" टाळून "चूल" विचारतात. एका चुलीवर जेवणारे ते एक घर. पण एका छताखाली दोन भावांच्या दोन चुली आणि आई पंधरा-पंधरा दिवस वाटून, अशा घरात आई दोन्ही फॉर्मांत येते नाहीतर एकातही येत नाही. नियम आधी लिहून ठेवा : काल रात्री जिथे जेवली तिथे मोजायची.

माळदांडी
शेतीच्या फॉर्ममधली विसंगती बहुतेक एककांची असते. सगळ्यात जास्त खड्डे जमिनीच्या प्रश्नात.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. शेतकरी एकर-गुंठ्यात बोलतो. ४० गुंठे म्हणजे १ एकर, १०० आर म्हणजे १ हेक्टर, आणि १ हेक्टर म्हणजे २.४७ एकर. आता फॉर्मच्या चौकटीत "१.२०" लिहिलंय. त्याचे अर्थ तीन :

(अ) १ हेक्टर २० आर, म्हणजे २.९६ एकर, ढोबळ तीन एकर.
(आ) १ एकर २० गुंठे, म्हणजे दीड एकर.
(इ) दशांशातले १.२ एकर, म्हणजे १ एकर ८ गुंठे.

शेतकऱ्याने "दीड एकर" सांगितलं, प्रगणकाने एकर.गुंठे पद्धतीने १.२० लिहिलं, संगणकाने १.२ एकर धरलं. पुढच्या पानावर ज्वारी दीड एकर आली की "पेरा जमिनीपेक्षा जास्त" म्हणून फॉर्म लाल! इथे शेतकऱ्याचा काय दोष? चौकट एक नको. एकर वेगळी, गुंठे वेगळी, आणि गुंठ्यांच्या चौकटीत ३९ च्या वर आकडा जाऊच द्यायचा नाही.

दुसरं, "तुमची जमीन किती" यात तीन प्रश्न दडलेत : नावावर किती, वाट्याला किती, कसता किती. सामाईक सातबारा असला की तिन्ही आकडे वेगळे. त्यात बटईने घेतलेली भर. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात काय किंवा सांगोल्याच्या डाळिंबात काय, हे सगळीकडे सारखंच.

उत्पन्नाचंही तसंच. "दहा पोती झाली." पोतं केवढं? धान्य बदललं की पोत्याचं वजन बदलतं. पोती लिहा आणि शेजारी एका पोत्याचे किलो लिहा. क्विंटल मागून करा.

पाऊणशे
आकड्यांच्या शब्दांवर कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. पाऊणशे म्हणजे ७५, सव्वाशे १२५, अडीचशे २५०, पावणेदोनशे १७५, हे ज्याच्या कानाला सवयीचं नाही असा प्रगणक असला की उत्तर ऐकताना बरोबर आणि लिहिताना चूक. इंग्रजी माध्यमातल्या तरुण मुलांच्या फॉर्मात "पावणेदोनशे"चे २०० झालेले सापडतात.

काळाचे शब्द त्याहून वाईट. "आठ दिवसांत" म्हणजे आपल्याकडे एक आठवडा, म्हणजे ७ दिवस. "पंधरा दिवस" म्हणजे १४. "परवा" तर मागचाही आणि पुढचाही, आणि बोलताना "परवाच घेतला" म्हणजे दोन महिन्यांपूर्वीसुद्धा. "चार-पाच" हा आकडा नाही, तो अंदाज आहे. त्याचे ४.५ करून सरासरीत टाकणाऱ्याला साष्टांग दंडवत.

वयात "चालू" आणि "पूर्ण" हा कायमचा गोंधळ. "पस्तिसावं लागलं" म्हणजे पूर्ण ३४. जनगणनेत पूर्ण झालेली वर्षं घेतात. नवऱ्याने बायकोचं वय चालू सांगितलं आणि तिने स्वतःचं पूर्ण सांगितलं तर एका वर्षाचा फरक पडणारच. तो दुरुस्त करू नका, कुणी सांगितलं ते लिहा.

नंदीध्वज
वयं ०, ५ वर गोळा झालीत का याची तपासणी सोपी आहे. व्हिपलचा निर्देशांक : २३ ते ६२ वयाची सगळी माणसं मोजा, त्यातली ०, ५ शेवटी येणाऱ्या वयांची वेगळी मोजा, त्यांना ५ ने गुणा, एकूणाने भागा, १०० ने गुणा. १०० आलं तर वयं गोळा झालेली नाहीत. ५०० आलं तर प्रत्येकाने तीस, पस्तीस, चाळीसच सांगितलंय. फॉर्म शंभर-दीडशेच असतील तर करू नका, आकडा नुसता नाचतो.

वय ठोकताळ्याने काढायचं असेल तर घटनांची यादी जवळ ठेवा. या भागात चालणारे खुंट : १९७२ चा दुष्काळ, ३० सप्टेंबर १९९३ पहाटेचा किल्लारीचा भूकंप (आदल्या दिवशी गणपती विसर्जन, त्यामुळे बायकांच्या पक्कं लक्षात), ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, मार्च २०२० ची टाळेबंदी. "भूकंपाच्या वेळी कडेवर होता" म्हटलं की साधारण १९९२.

खरेदीच्या प्रश्नात "गेल्या वर्षभरात" म्हटलं की लोक चौदा महिन्यांपूर्वीचा फ्रिजही आत ओढतात. मोठी वस्तू जवळची वाटते. नेटर आणि वॅक्सबर्ग या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये हे दाखवलं आणि उपायही दिला : आधी एक भेट द्यायची, घरात काय काय आहे ते टिपायचं, दुसऱ्या भेटीत फक्त "त्या भेटीनंतर काय आलं" एवढंच विचारायचं. एकाच भेटीचे पैसे असतील तर निदान सण धरा. पण दिवाळी धरू नका. लक्ष्मीपूजन २०२३ ला १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ ला १ नोव्हेंबरला. अधिक महिना आला की उलटं, वर्षच तेरा महिन्यांचं. संक्रांत सूर्याची, १४ नाहीतर १५ जानेवारी, आणि सिद्धेश्वराची गड्डा जत्रा तेव्हाच भरते. सोलापुरात "गड्ड्यापासून गड्ड्यापर्यंत" विचारलं की ३६५ दिवस बरोबर बसतात आणि कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

शेंगाचटणी
गड्ड्याच्या नावाने मागच्या वर्षीच्या भज्यांचा खर्चही आठवेल लोकांना.

नंदीध्वज
आठवू दे की! तेच तर पाहिजे.

लघुकोन
आतापर्यंत सगळे आकड्यांवर बोलले. मतांच्या प्रश्नांचा प्रकार वेगळा आहे.

मराठीत "हो" हे वाक्याला दिलेलं "हो" असतं. "तुम्ही तंबाखू खात नाही ना?" याला "हो" म्हणजे "हो, खात नाही". फॉर्मात मात्र हो = १ = खातो. आता अशी दहा वाक्यं घ्या, त्यातली पाच उलटी : "मला स्वतःबद्दल आदर वाटत नाही", "मी निरुपयोगी आहे असं मला कधीही वाटत नाही". त्यावर पूर्णपणे सहमत ते पूर्णपणे असहमत. "वाटत नाही" ला "असहमत" म्हणजे नक्की काय, हे शिकलेल्या माणसालाही थांबून ठरवावं लागतं. घाईत असलेला माणूस ठरवत नाही, वाक्याच्या सुरुवातीचा सूर बघून खूण करतो.

त्यावर आणखी दोन थर. पहिला, पाहुण्याला "नाही" म्हणायचं नाही ही रीत. "हो ताई, बरोबर आहे तुमचं." आधी एका वाक्याला हो, मग त्याच्या बरोबर उलट्या वाक्यालाही हो. दुसरा, कंटाळा. विसाव्या प्रश्नानंतर सगळ्या खुणा एकाच रकान्यात, सरळ रेघ.

हे तीन प्रकार आकड्यांवरून वेगळे ओळखता येतात. "हो"ची सवय असेल तर सुलट-उलट दोन्ही वाक्यांवर सहमती, आणि ती फॉर्मच्या पहिल्या पानापासून. कंटाळा असेल तर पहिलं पान ठीक, रेघ मागून सुरू. आणि समजलंच नसेल तर ठरावीक एक-दोन वाक्यांवरच गोंधळ, तोही बऱ्याच लोकांचा सारखाच. तिसऱ्या प्रकारात माणूस नाही, वाक्य बदला.

मत तपासण्याआधी एक यांत्रिक चूकही बघून घ्या. १ ते ५ च्या श्रेणीत उलटी वाक्यं उलटवताना नवा गुण = ६ वजा जुना. हे विसरलं की क्रॉनबाखचा अल्फा (वाक्यं आपसात किती जुळतात त्याचं माप) कोसळतो, कधी शून्याच्याही खाली जातो, आणि दोष लोकांच्या माथी.

चौथा_रकाना
लघुकोन, सहमत; पण "बरं आहे" राहिलं. "दवाखान्यातली सेवा कशी वाटते?" "बरं आहे." एक प्रगणक त्याला "चांगली" लिहितो, दुसरा "मध्यम". तीच बाई, दोन भेटी, दोन संकेतांक. "चालतंय की" हे तर पाचही रकान्यांत बसतं. प्रशिक्षणात यांची यादी करून कुठला शब्द कुठे टाकायचा ते भिंतीवर चिकटवा.

आता प्रगणकांबद्दल. विसंगतीचा मोठा वाटा उत्तर देणाऱ्याकडून येतच नाही.

घरात कोण आजारी पडलं का याला "हो" लिहिलं की पुढे १४ उपप्रश्न उघडतात. तिसऱ्या दिवसापासून प्रगणकाच्या फॉर्मांत आजारी माणसं अचानक कमी होतात. उत्तर देणारेही शिकतात, शेजारणीकडून कळतं की "हो म्हटलं की लई विचारतात".

फॉर्म भरायच्या ओडीके, कोबो अशा अॅपमध्ये कडक अट टाकली, म्हणजे विड्या असतील तर काम "हो" असलंच पाहिजे, की फॉर्म पुढे सरकत नाही. मग प्रगणक मागे जाऊन कुठलंही एक उत्तर बदलतो, विचारत नाही. फॉर्म सुसंगत होतो आणि माहिती मरते. म्हणून कडक अट फक्त अशक्य गोष्टींना लावा : आई मुलापेक्षा लहान, गुंठे ४५. बाकी सगळीकडे मऊ इशारा आणि खाली "कारण लिहा"ची मोकळी ओळ.

भाषांतर जागेवर करू देऊ नका. दक्षिण सोलापूर, अक्कलकोटला कन्नड, पूर्व भागात तेलुगू, मध्ये दखनी. मराठी फॉर्म हातात आणि तोंडाने भाषांतर, यात "क्वचित" आणि "कधीकधी" दोन्हींसाठी एकच शब्द निघतो. आधी लिहून काढा, मग मूळ फॉर्म न बघितलेल्या दुसऱ्या माणसाकडून परत मराठीत आणा. जिथे दोन मराठी वाक्यं जुळत नाहीत, तिथे फॉर्मातही जुळणार नाहीत.

आणि फेरभेट. शंभरातली पाच ते दहा घरं दुसऱ्या माणसाने, ८-१० दिवसांच्या आत, मोजके न बदलणारे प्रश्न घेऊन. संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस यांनी एकाच भागाचे दोन स्वतंत्र नमुने दोन वेगळ्या तुकड्यांकडून काढून घ्यायची पद्धत घातली ती याचसाठी. दोन तुकड्यांचे आकडे फुटले तर ते लोकांचं काम नव्हे, तुकड्यांचं.

पाऊणशे
फेरभेटीत "८० टक्के जुळलं" यावर खूश होऊ नका. ५० घरं, दोन्ही भेटींत ४५ "हो". दोन्हीकडे हो ४०, पहिल्यांदा हो मग नाही ५, पहिल्यांदा नाही मग हो ५, दोन्हीकडे नाही शून्य. जुळणी ८० टक्के. पण नुसत्या योगायोगाने जुळणारे ०.९ × ०.९ + ०.१ × ०.१ = ८२ टक्के. कप्पा, म्हणजे योगायोग वजा जाता उरलेली जुळणी = (०.८० − ०.८२) ÷ (१ − ०.८२) = उणे ०.११. म्हणजे नाणं उडवण्यापेक्षाही किंचित वाईट.

शेंगाचटणी
बे, सगळ्यांनी मिळून लोकांना साधूसंत करून टाकलं. उत्पन्न विचारा की! पिवळं कार्ड १५ हजारांपर्यंत, केशरी १ लाखापर्यंत. कार्ड केशरी, उत्पन्न "९० हजार", पुढच्या पानावर दुचाकी दोन, एसी एक. आता यात कुठली बोली आणि कुठलं एकक?

पूर्वभागकर
हे मान्य. इथे लोक दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतात. ऐकू येतं "उत्पन्न किती", पण समजतं "तुमचं कार्ड काढून घेऊ का". लाडक्या बहिणीची अडीच लाखांची मर्यादा आल्यापासून आणखी एक आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसलाय. म्हणून वार्षिक उत्पन्न थेट विचारूच नये. माग चालवणाऱ्याला आठवड्याचा पगार आणि वर्षातले बंद आठवडे, विडीला हजारामागे मजुरी, आठवड्याच्या विड्या आणि छाट (नापास ठरवून काढलेल्या विड्या) किती गेली, असं तुकड्यांत. तरी एक सापळा राहतो : "दिवसाला ८०० विड्या" ही विडीवालीची क्षमता. पान खराब आलं, पाहुणे आले, सण आला तर आठवड्याचे ४,८०० कधीच होत नाहीत. गुणाकार करून तिला खोटी पाडू नका, आठवड्याचाच आकडा घ्या.

लघुकोन
नाजूक प्रश्नांसाठी संख्याशास्त्रज्ञ वॉर्नर यांची १९६५ ची कल्पना आहे, तिचं सोपं रूप असं : माणसाने नाणं लपवून उडवायचं. छाप पडला तर डोळे मिटून "हो" म्हणायचं, काटा पडला तर खरं सांगायचं. २०० जणांत १३० "हो" आले तर अंदाजे १०० छापाचे, उरलेले ३० काट्याच्या १०० पैकी, म्हणजे ३० टक्के. कोण खरा "हो" ते कुणालाच कळत नाही. अडचण एवढीच, काहीजण छाप पडूनही "नाही" म्हणतात, "हो" तोंडातून काढायलाच नको वाटतं. वर सासू शेजारी बसलेली असेल तर नाणंही उपयोगाचं नाही.

माळदांडी
उलट बाजूही बघा. उत्तरं फार जुळायला लागली तरी घाबरा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५५ व्या फेरीत (१९९९-२०००) खाण्याचा खर्च त्याच घराला ७ दिवसांचाही विचारला आणि ३० दिवसांचाही, शेजारशेजारच्या रकान्यांत. एरवी वेगवेगळ्या घरांना विचारलं की ७ दिवसांवरून काढलेला आकडा बराच मोठा यायचा. शेजारी ठेवल्यावर दोन्ही एकमेकांकडे सरकले, कारण लोकांनी आणि प्रगणकांनी मनातल्या मनात मेळ घातला. गरिबी किती घटली यावर त्यानंतर किती वाद झाले! २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत म्हणूनच की काय, प्रश्नपत्रिका तीन आणि भेटीही तीन केल्या.

शेंगाचटणी
म्हणजे जुळलं नाही तर लोक वाईट, जुळलं तर फॉर्म वाईट. छान आहे तुमचं.

आकडेमोड
मूळ प्रश्नाकडे येतो. विसंगत फॉर्मांचं करायचं काय?

चौथा_रकाना
काढायचे नाहीत. क्रम असा ठेवा. मूळ उत्तराचा रकाना तसाच राहू द्या, दुरुस्ती शेजारच्या नव्या रकान्यात. प्रत्येक विसंगत जोडीला एक खूण : शब्द, एकक, काळ, प्रगणक, भीती, कळलं नाही. मग खुणा प्रगणकवार मोजा. एकाकडेच साचल्या तर त्याचे फॉर्म फेरभेटीला. सगळ्यांकडे सारख्या असतील तर प्रश्न बदला. निकाल दोनदा काढा, असे फॉर्म धरून आणि वगळून. फॉर्म काढून टाकलेत तर सगळ्यात आधी कोण बाहेर पडतं बघा : कन्नड-तेलुगू बोलणारी, कमी शिकलेली, विडीवाली. म्हणजे जिच्यासाठी सर्वेक्षण काढलं तीच. सरळ रेघवाले आणि ४५ मिनिटांचा फॉर्म ९ मिनिटांत संपवलेले, एवढेच वगळा.

आकडेमोड
धन्यवाद मंडळी. प्र. ४ बदलला : "गेल्या सोमवारपासून काल रात्रीपर्यंत, घरी बसून किंवा बाहेर जाऊन, पैसे मिळतील असं काही काम केलं का? विड्या, शिवण, टॉवेल, खुरपण..."

पूर्वभागकर
"पैसे मिळतील असं" काढा. विडीचं कार्ड सासूच्या नावावर असतं, मजुरी तिच्या हातात पडते. वळणारी सून "नाही"च म्हणणार.

पाऊणशे
आणि "गेल्या सोमवारपासून" पण. भेट रविवारी झाली तर सहा दिवस, मंगळवारी झाली तर एक.

आकडेमोड
बदलतो. प्र. ४, आवृत्ती सहावी.